जोत्याखालचा खर्च : डमडमच्या गाळमातीवर घराचे अंदाजपत्रक

घर बांधावयाचे ठरले की सर्वप्रथम चौकशी होते ती चौरस फुटाच्या दराची. ठेकेदार एक आकडा सांगतो, त्यास बांधकाम क्षेत्रफळाने गुणले जाते आणि येणारी रक्कम हेच अंदाजपत्रक समजून कुटुंब कर्जाच्या तयारीस लागते. विकसित वसाहतीतील भूखंडावर हा हिशेब थोड्याफार फरकाने जुळतो. ज्या जमिनीवर पूर्वी कधीही बांधकाम झालेले नाही, तेथे मात्र तो फसण्याची शक्यता मोठी असते. ठेकेदाराचा दर बहुधा ठरावीक उंचीचे जोते आणि नेहमीचा पाया गृहीत धरून सांगितलेला असतो. कोऱ्या जमिनीवरील खरी अनिश्चितता त्या जोत्याच्या खाली, मातीत दडलेली असते.

कोलकात्याच्या उत्तरेकडील डमडम परिसर हे याचे बोलके उदाहरण होय. नोकरी वा व्यवसायानिमित्त कोलकात्यास गेलेल्या मराठी कुटुंबांना हा भाग विमानतळामुळे परिचित आहे. पुढे त्याच लोहमार्गावर असलेल्या बराकपूर येथे ताग आणि अंतर्देशीय मत्स्यव्यवसाय या विषयांच्या केंद्रीय संशोधन संस्था आहेत. डमडम हे नाव ‘दमदमा’, म्हणजे मातीचा उंच चौथरा, या शब्दावरून आले असे सांगितले जाते. येथील जुने ‘क्लाइव्ह हाउस’ही एका उंचवट्यावरच उभे आहे. समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंचीच्या या प्रदेशात उंच जागेचे मोल पूर्वीही होते. आज तीच उंची भराव टाकून विकत घ्यावी लागते.

दोन माती, दोन पाये

महाराष्ट्रातील वाचकांस घराखालच्या मातीचा त्रास ठाऊक आहे तो काळ्या जमिनीचा. ही माती पाणी शोषून फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि त्यावरील भिंतींना तडे जातात. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी अशा मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देण्याची पद्धत विकसित केली. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असणाऱ्या पाइलचा पर्याय दिला. शिवाय दख्खनच्या पठारावर बहुतेक ठिकाणी काळ्या थराखाली मुरूम अथवा बेसॉल्ट खडक लागतो. तेथवर खोदले की पायास भक्कम आधार मिळतो.

डमडमची माती याहून वेगळी आहे. गंगेच्या त्रिभुज प्रदेशातील हा गाळ भूशास्त्रीयदृष्ट्या अगदी तरुण आहे. वरचे काही मीटर बऱ्यापैकी घट्ट, तपकिरी, रेतीमिश्रित चिकणमाती असते. तिच्याखाली करड्या रंगाच्या मऊ चिकणमातीचा जाड थर लागतो, ज्यात कुजलेले लाकूड व सेंद्रिय पदार्थांचे पट्टे आढळतात. टणक थर त्याच्याही खाली असतो आणि खडक तर घरबांधणीच्या आवाक्यातच नसतो. म्हणून ‘अजून थोडे खोलवर खोदू’ हा दख्खनी उपाय येथे उलटा पडू शकतो. अधिक खोदल्यास पाया चांगल्या थरातून निघून मऊ थराच्या जवळ जातो.

मऊ चिकणमातीवर भार पडला की तिच्यातील पाणी हळूहळू बाहेर पडते आणि ती वर्षानुवर्षे खचत राहते. संपूर्ण घर सारखे खचले तर फारसे बिघडत नाही. एक बाजू अधिक खचली तर मात्र तडे जातात, दारे अडकतात, सांडपाण्याच्या नळांचा उतार बिघडतो.

प्रथम कागद, मग माती

जमिनीचा पूर्वेतिहास कागदांवरून कळतो आणि त्याचा खर्चाशी थेट संबंध असतो. महाराष्ट्रात जसा सातबारा, तसे पश्चिम बंगालमध्ये खतियान. तेथील भूखंड दाग क्रमांकाने ओळखला जातो. अभिलेखात जमिनीचा वर्ग नोंदलेला असतो. ‘बास्तु’ म्हणजे निवासाची जागा, ‘शाली’ म्हणजे सखल भातजमीन, ‘डांगा’ म्हणजे उंचवटा, तर ‘पुकुर’ वा ‘डोबा’ म्हणजे तळे किंवा डबके. वर्ग ‘बास्तु’ नसेल तर पश्चिम बंगाल भूमी सुधारणा अधिनियम, १९५५ अन्वये रूपांतराची परवानगी घ्यावी लागते. तिचे शुल्क व कालावधी अंदाजपत्रकात धरावा.

‘पुकुर’ नोंदीबाबत विशेष सावध असावे. राज्याच्या अंतर्देशीय मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९८४ मधील तरतुदीनुसार पाच कट्ठे, म्हणजे ०.०३५ हेक्टर, वा त्याहून मोठे जलक्षेत्र बुजवून अन्य उपयोगात आणण्यास मनाई आहे. तळे लहान असले आणि पूर्वीच बुजवलेले असले तरी त्याच्या तळाचा गाळ तेथेच असतो. जुने नकाशे पाहून व शेजारच्या वृद्ध रहिवाशांना विचारून अशा जागा ओळखाव्यात. घराचा एक कोपरा जुन्या तळ्यावर आणि तीन कोपरे मूळ जमिनीवर येणे, ही असमान खचण्याची सर्वांत सामान्य तऱ्हा आहे.

यानंतर माती तपासणी करावी. भारतीय मानक १८९२ मध्ये त्याची पद्धत दिली आहे. लहान इमारतीसाठी मध्यभागी एक बोअरही चालू शकतो. परंतु बुजवलेल्या तळ्याचा संशय असल्यास त्या बाजूस दुसरा बोअर अवश्य घ्यावा. एकूण खर्चाच्या मानाने ही रक्कम किरकोळ असते आणि पुढील सर्व मोठे आकडे तिच्यावर अवलंबून असतात. शेतकरी पेरणीपूर्वी मृदा आरोग्य पत्रिका पाहतो, त्यातलाच हा प्रकार. मात्र पिकासाठी घेतलेल्या उथळ नमुन्यावरून पायाचा निर्णय करता येत नाही.

भरावाचे गणित

एक उदाहरण घेऊ. भूखंड तीन कट्ठ्यांचा आहे. एक कट्ठा म्हणजे ७२० चौरस फूट, म्हणून एकूण २,१६० चौरस फूट; आपल्या हिशेबाने जवळजवळ दोन गुंठे, म्हणजे सुमारे २०० चौरस मीटर. जमीन रस्त्यापेक्षा सखल असून ती सरासरी पाऊण मीटर उचलावयाची आहे. तेव्हा दाबलेल्या स्थितीत १५० घनमीटर भराव लागेल. सुटी माती दाबल्यावर बसते, म्हणून २५ टक्के वाढ धरली तर सुमारे १८८ घनमीटर माती आणावी लागेल. सहा घनमीटरच्या खेपा धरल्यास ३१ ते ३२ खेपा होतात. भरावाची उंची पाऊणऐवजी एक मीटर केली तर खेपा ४२ च्या घरात जातात. चौरस फुटाच्या दरात यातील काहीही दिसत नाही.

भराव हा स्वतः एक भार आहे, ही बाब अनेकदा विसरली जाते. एक घनमीटर दाबलेली माती सुमारे १.८ टन भरते. म्हणजे वरील १५० घनमीटरचे वजन २७० टन होईल, जे एकमजली लहान घराच्या वजनाहूनही अधिक आहे. घराची पहिली वीट लागण्यापूर्वीच खालच्या मऊ थरावर एवढा भार येतो आणि तो खचू लागतो. म्हणून भराव पातळ थरांत टाकून, पाणी मारून, धुमस वा यांत्रिक दाबाने दाबावा आणि शक्य असल्यास एक पावसाळा तसाच राहू द्यावा. या विलंबामुळे घरभाड्याचे काही महिने वाढतात. तो खर्चही अंदाजपत्रकात लिहावा.

मोबदला खेपांच्या संख्येवर देऊ नये. काम सुरू होण्यापूर्वी व दाबाई झाल्यावर पातळ्या मोजून, प्रत्यक्ष बसलेल्या घनफळावर द्यावा. उंची ठरविताना समोरच्या रस्त्याचा मध्य आधार धरावा. डांबरीकरणाच्या प्रत्येक फेरीत रस्ते उंचावत जातात, हेही ध्यानी घ्यावे.

भरावाची माती कोठून येते, हा प्रश्न कृषी संशोधनाशी निगडित वाचकांनी विचारलाच पाहिजे. १५० घनमीटर माती शेताचा १५ सेंटिमीटर थर काढून आणली, तर सुमारे दहा गुंठ्यांची सुपीक माती नाहीशी होते. नदीची बारीक पांढरी वाळू, औष्णिक विद्युत केंद्राची राख अथवा बांधकामाचा चाळलेला राडारोडा हे पर्याय अभियंत्याच्या सल्ल्याने तपासावेत.

पाया आणि साहित्य

माती तपासणीचा अहवाल आल्यावर पायाचा प्रकार ठरतो. वरचा घट्ट थर पुरेसा असेल तर रुंद पट्टीपाया, तो अपुरा असेल तर सर्व घराखाली एकसंध राफ्ट, आणि भार अधिक वा जमीन फारच मऊ असेल तर पाइल. साध्या निवासी बांधकामात पोलाद चौरस फुटास साधारण ३ ते ४ किलो धरले जाते. एक हजार चौरस फुटांसाठी ते तीन ते चार टन होते. राफ्ट आल्यास हा ठोकताळा अपुरा पडतो आणि स्वतंत्र गणना करावी लागते. म्हणून वास्तुविशारदाकडून तिन्ही पायांचे नव्हे, तर अहवालात सुचविलेल्या पायाचे परिमाणपत्रक घ्यावे आणि तेच सर्व ठेकेदारांस दरासाठी द्यावे. परिमाणे समान असली तरच दरांची तुलना अर्थपूर्ण ठरते.

साहित्याच्या बाबतीतही महाराष्ट्रातील आडाखे येथे लावू नयेत. आपल्याकडे खडी बहुधा जवळच्या खाणीतून येते. गाळाच्या प्रदेशात दगड नाही. खडी झारखंडातील पाकुड अथवा बीरभूमच्या खाणींतून येते आणि तिच्या दरात वाहतुकीचा वाटा मोठा असतो. काँक्रीटची जाड वाळू वेगळी व भरावाची बारीक पांढरी वाळू वेगळी, त्यांचे दरही वेगळे. वीट मात्र स्थानिक मातीतून बनत आली आहे. तिचा आकार आपल्याकडील विटेहून निराळा असू शकतो, म्हणून विटांची संख्या स्थानिक आकारावरूनच काढावी.

पाणी आणि सांडपाणी

सार्वजनिक नळ व गटार भूखंडापर्यंत पोहोचले आहे का, हे नगरपालिकेकडून लेखी घ्यावे. नसल्यास दोन बाबी वाढतात. पहिली नलकूपाची. डमडम ज्या उत्तर चोवीस परगणा जिल्ह्यात येते, त्याच्या अनेक भागांत भूजलात आर्सेनिक आढळते. पिण्याच्या पाण्यात त्याची स्वीकार्य मर्यादा दर लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. म्हणून खोदाईबरोबर पाण्याच्या तपासणीचा व गरज पडल्यास शुद्धीकरणाचा खर्च धरावा. दुसरी बाब मैलापाण्याची. भूजलपातळी उंच आणि माती चिकण असल्याने पावसाळ्यात शोषखड्डा पाणी शोषत नाही, उलट भरून येतो. सेप्टिक टाकीतून येणाऱ्या पाण्याची अन्य व्यवस्था आराखड्यातच असावी.

अंदाजपत्रकाची मांडणी

वरील विवेचनावरून खर्चाचे आठ शीर्ष ठेवावेत : (१) अभिलेख, सीमांकन व रूपांतर, (२) माती तपासणी, (३) भराव व संरक्षक भिंत, (४) पाया ते जोते, (५) जोत्यावरील बांधकाम, (६) पाणी, सांडपाणी व वीज, (७) आराखडा, परवाने व पर्यवेक्षण, (८) राखीव निधी. शासकीय अंदाजपत्रकांत आकस्मिक खर्चासाठी ३ ते ५ टक्के धरण्याची रूढी आहे. जोत्यावरील कामास ती पुरेशी ठरू शकते. जोत्याखालील शीर्षांसाठी मात्र १५ ते २० टक्के राखीव ठेवणे शहाणपणाचे आहे, कारण माती उघडी झाल्याखेरीज तिची पूर्ण ओळख पटत नाही.

यात कौटुंबिक अर्थकारणाचाही धडा आहे. गृहकर्ज सामान्यतः बांधकामाच्या टप्प्यांनुसार मिळते. रूपांतर, तपासणी व भराव हे खर्च त्याआधीचे असल्याने ते बहुतांशी स्वतःच्या बचतीतून भागवावे लागतात. बचत तेथेच संपली, तर घर जोत्यावर थांबते आणि पोलाद पावसात गंजत राहते. म्हणून हिशेबाचा क्रम बदलावा. हाती असलेल्या एकूण रकमेतून प्रथम पहिले चार शीर्ष, सहावे, सातवे आणि राखीव निधी वजा करावा. उरलेल्या रकमेस स्थानिक दराने भागून जे क्षेत्रफळ येईल, तेवढेच घर आखावे. एक खोली कमी पडली तर ती पुढे वाढविता येते; पायात तशी वाढ नंतर करणे कठीण व महाग असते, म्हणून भावी मजल्याचा विचार असल्यास तो पायाच्या आराखड्यातच नोंदवावा.

जमीन खरेदीपूर्वीच हे गणित केले तर त्याचा लाभ सर्वांत अधिक होतो. स्वस्त वाटणारा सखल भूखंड आणि थोडा महाग पण उंचावरील भूखंड यांची तुलना खरेदीच्या किमतीवर न करता, जोते पूर्ण होईपर्यंतच्या एकूण खर्चावर करावी. अनेकदा महाग वाटलेला भूखंडच स्वस्त ठरतो.