मुंगीचे पाय कुठून निघतात?

पुढे वाचण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर मुंगी काढा. पुस्तक उघडू नका, भिंतीवर मुंगी शोधू नका. आठवेल तशी काढा. झाली? आता तिचे पाय कुठून निघाले आहेत ते पाहा.

शिक्षकांच्या शिबिरांत आम्ही हा प्रयोग बरेचदा केला आहे. मुंगी सर्वांच्या रोजच्या ओळखीची. तीन गोळे एकापुढे एक काढले जातात. पाय सहा असतात हेही बहुतेकांना ठाऊक असते. मग ते सहा पाय तीन गोळ्यांना दोन-दोन असे न्यायाने वाटून दिले जातात! काही जण मागच्या गोळ्याला चार देतात, कारण तो मोठा असतो. प्रत्यक्षात कीटकाचे सहाही पाय मधल्या भागातून, म्हणजे वक्षातून निघतात. उदराला पाय नसतातच.

आपल्या मनात मुंगीची एक खूणच तेवढी साठवलेली असते. डब्यातील साखरेत फिरते आहे ती मुंगी, एवढे ओळखायला ती खूण पुरते. चित्र काढताना मात्र ती अपुरी पडते. माणसाच्या चेहऱ्याचेही तसेच. मुले डोळे कपाळाजवळ काढतात. आरशासमोर उभे राहून पट्टीने मोजले, तर डोक्याचा माथा आणि हनुवटी यांच्या जवळजवळ मध्यावर डोळे येतात. आपण आयुष्यभर चेहरे पाहतो, पण असे मोजायची वेळ सहसा येत नाही.

म्हणून नवशिक्याने समोर संदर्भ ठेवून चित्र काढावे हे योग्यच. संदर्भ म्हणजे छायाचित्र, तक्ता, दुसऱ्याने काढलेले चित्र किंवा 'आधी गोल काढा, मग लंबगोल' असे पायरीपायरीने शिकवणारी पुस्तिका. हल्ली अशा कृती मोबाइलवरही भरपूर मिळतात आणि शिक्षक त्या एकमेकांना पाठवतात. २ या अंकापासून बदक काढायला आपणही असेच शिकलो. या पद्धतीने हात मोकळा होतो, 'मला चित्र येत नाही' ही भीती जाते. आमची तक्रार पद्धतीबद्दल नाही. प्रश्न असा आहे, की आपल्या समोरचे चित्र कशावरून काढले आहे?

या प्रश्नाला एक जुने आणि प्रसिद्ध उदाहरण आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याकडेच होते. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याला एक गेंडा भेट दिला. अल्बुकर्कने तो गोव्याहून पोर्तुगालचा राजा मॅन्युएल याच्याकडे रवाना केला. मे १५१५ मध्ये तो लिस्बनला पोचला. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कोणी पाहिला नव्हता, त्यामुळे मोठी खळबळ उडाली. लिस्बनहून कोणीतरी गेंड्याचे वर्णन आणि एक कच्चे रेखाटन जर्मनीत न्यूरेंबर्गला पाठवले. तेथे अल्ब्रेश्ट ड्यूरर या थोर चित्रकाराच्या हाती ते पडले. ड्यूररने गेंडा कधीही पाहिला नाही. त्या कागदांवरून त्याने त्याच वर्षी गेंड्याचे चित्र काढले आणि लाकडी ठशावरून छापून घेतले.

चित्र अप्रतिम आहे. पण गेंड्याच्या कातडीच्या घड्यांचे त्यात चिलखताचे पत्रे झाले आहेत, पायांवर खवले आले आहेत आणि खांद्यांच्या वर पिळाचे एक छोटे जादा शिंग उगवले आहे. भारतीय गेंड्याला शिंग एकच, नाकावरचे. ड्यूररच्या रेषेत इतका आत्मविश्वास होता की पुढच्यांना शंका आली नाही. कॉनराड गेस्नरने १५५१ च्या आपल्या प्राणिग्रंथात तेच चित्र घेतले. त्यावरून इतरांनी नकला केल्या, नकलांवरून आणखी नकला झाल्या. चित्र आणि गेंडा शेजारी ठेवून पाहण्याची सोय फार थोड्यांना होती. १७४१ मध्ये बंगालमधून क्लारा नावाची गेंड्याची मादी युरोपात आली आणि तिला गावोगाव फिरवण्यात आले. १७४९ मध्ये फ्रेंच चित्रकार उद्री याने तिला समोर पाहून मोठे चित्र रंगवले. त्यानंतर खांद्यावरचे शिंग हळूहळू मागे पडले. दोन शतकांहून अधिक काळ ते टिकले होते.

याला हसण्याचा अधिकार निदान आम्हाला नाही. महाविद्यालयात असताना प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात आमच्यासमोर ट्रेमध्ये मादी झुरळ होते आणि शेजारी वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याचे जर्नल. झुरळाकडे पाहण्यापेक्षा जर्नलकडे पाहणे सोपे. उदराच्या टोकाला जाडसर, खंडांचे बनलेले दोन अवयव नर-मादी दोघांनाही असतात. त्याखेरीज दोन बारीक काटे असतात ते फक्त नराला. जर्नलमध्ये मादीलाही काटे होते, आम्हीही ते दिले. परीक्षकांनी शांतपणे विचारले, "हे काटे जरा ट्रेमध्ये दाखवता का?" आमच्या गटातील सगळ्यांच्या माद्यांना काटे होते हे मागाहून कळले. ड्यूररकडे निदान गेंडा नव्हता. आमच्यासमोर झुरळ होते.

नक्कल करणे वाईट नव्हे. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतलेच. पण ती नक्कल मूळ भिंतीसमोर बसून केलेली होती. रेषा चुकली तर मान वर करून पाहता येत होते.

वर्गात हेच साधावे असे आम्हाला वाटते. जास्वंद शिकवायची असेल तर पुस्तकातील आकृती आणि फूल, दोन्ही मुलांपुढे ठेवा. आकृतीवरून मुलांना कुठे पाहायचे ते कळते. ती नसेल तर बहुतेक मुले पुंकेसरांच्या नळीतून बाहेर आलेले पाच कुक्षी मोजणारच नाहीत. उलट, पाकळीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी कड खाली अशी रचना पुष्कळ आकृत्यांत नीट उतरलेली नसते. ती फूलच दाखवते. मुलांना सांगा, दोहोंत कुठे जुळत नाही ते शोधा. तसे काही सापडले की वर्ग जागा होतो. कधी आकृती सोपी केलेली असते, कधी फूलच निराळ्या जातीचे निघते. हे तपासण्यात तास जातो हे खरे आणि अभ्यासक्रम मागे पडतो हेही खरे. तरी वर्षातून दोन-तीनदा तो तास काढता येतो.

चित्राच्या कोपऱ्यात 'कशावरून काढले' हेही लिहून घ्यावे: फुलावरून, पुस्तकावरून, की आठवणीतून. गुण चित्राच्या देखणेपणाला देऊ नयेत. ज्याने पाकळ्या वाकड्या काढल्या पण त्यांच्या कडा बरोबर दाखवल्या, त्याने फूल पाहिले आहे.

आता सुरुवातीची मुंगी पुन्हा काढा, या खेपेस मुंगी पाहून. ती स्थिर राहत नाही, म्हणून झाकणाला छिद्रे पाडलेल्या काचेच्या बाटलीत ठेवावी आणि भिंग घ्यावे. काळा मुंगळा मिळाला तर उत्तम, त्याचे सांधे स्पष्ट दिसतात. तो कडकडून चावतो, तेव्हा चित्र पूर्ण होईपर्यंत झाकण उघडू नये.