घरफोडी आणि विम्याचा दावा

संकट सांगून येत नाही, असे आपण नेहमी म्हणतो. परंतु संकट येऊन गेल्यावर कोणकोणते कागद करावे लागतात, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी या नात्याने विम्याची तत्त्वे मी पुस्तकात वाचली होती. ती खरोखर समजली ती डिसेंबर 2024 मध्ये, आमच्या कडोलीच्या घरी चोरी झाली तेव्हा. तो अनुभव इतरांच्या उपयोगी पडावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

मावसबहिणीच्या लग्नासाठी आम्ही सारे निपाणीला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी परत येऊन पाहतो तो परसदाराचा कोयंडा उचकटलेला, कुलूप तुटून पडलेले, कपाट उघडे आणि कपडे घरभर विखुरलेले. आईच्या पाटल्या व हार, टी. व्ही. आणि बी-बियाणांसाठी ठेवलेले अठरा हजार रुपये गेले होते. आईने रडत रडतच केरसुणी हाती घेतली. तेवढ्यात शेजारच्या काकू धावत आल्या. "अक्का, कशाला बी हात लावू नका. आधी पोलीस येऊ देत," असे म्हणून त्यांनी तिच्या हातातली केरसुणी काढून घेतली. तो मोडका कोयंडा जागेवर राहिला, हे आमचे भाग्य. पुढे सारा दावा त्याच्यावरच उभा राहिला.

बाबांबरोबर मी पोलीस ठाण्यात गेलो. बाबा आधीच गांगरलेले. "आम्ही आलो तेव्हा दार उघडं होतं," असे ते मराठीत म्हणाले. फिर्याद साहजिकच कन्नडमध्ये लिहिली गेली. बाबा सही करणार, इतक्यात सोबत आलेल्या माझ्या मित्राने ती वाचायला मागितली. तो आपल्या याच अंकाच्या कन्नड विभागात लिहितो. त्यात 'बागिलु तेगेदु', म्हणजे 'दार उघडून', चोर आत शिरले असे लिहिले होते. मित्राने विनंती केली आणि तेथे 'बीग मुरिदु', म्हणजे 'कुलूप तोडून', असे दुरुस्त करून घेतले. लिहिणाऱ्याचा यात काही दोष नव्हता. बाबा बोलले तसेच त्यांनी लिहिले होते.

एका शब्दाने असा काय फरक पडतो, असे कोणी विचारील. फरक फार मोठा पडतो. बहुतेक पॉलिसींमध्ये 'घरफोडी' या शब्दाची व्याख्या दिलेली असते. बळाचा वापर करून, काहीतरी मोडून-तोडून चोर आत शिरला किंवा बाहेर पडला, तरच ती घरफोडी. उघड्या दारातून येऊन कोणी वस्तू उचलून नेली, तर ती चोरी खरी. पण पॉलिसीत साध्या चोरीचा वेगळा समावेश नसेल, तर कंपनी भरपाई देत नाही. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली हाच निर्णय दिला. पॉलिसीतील शब्द जसे आहेत तसेच वाचावे लागतात, नेहमीच्या बोलण्यातला अर्थ तेथे लावता येत नाही, असे न्यायालयाने मानले.

म्हणून फिर्याद ऐकल्या-वाचल्याशिवाय सही करू नये. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार, तोंडी दिलेली फिर्याद लिहून घेतल्यावर ती फिर्याददाराला वाचून दाखवावी लागते आणि तिची प्रत विनामूल्य द्यावी लागते. ही मेहरबानी नसून आपला हक्क आहे. पंचनाम्याचेही तसेच. आपल्याकडे कागदोपत्री त्याला 'महजर' असेही म्हणतात. तुटलेले कुलूप, उचकटलेला कोयंडा, फोडलेले कपाट हे सारे त्यात आले पाहिजे. पोलीस येण्यापूर्वी कशालाही हात न लावता फोटो काढून ठेवावेत.

त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवावे व दाव्याचा क्रमांक टिपून ठेवावा. त्यानंतर कंपनीचा सर्व्हेअर येतो. आमच्याकडे आलेल्या गृहस्थांनी दोनच गोष्टी विचारल्या: वस्तू घरात होती कशावरून आणि तिची किंमत काय? टी. व्ही. ची पावती होती. पाटल्या मात्र आजीच्या, त्यांची पावती कोठून आणणार? शेवटी आई-बाबांच्या लग्नातले फोटो आणि सराफाचा दाखला कामी आला.

आता हिशेब पाहा. दागिन्यांचा विमा होता 1,50,000 रुपयांचा. पॉलिसी घेतली तेव्हा तो पुरेसा होता. पुढे सोन्याचा भाव वाढत गेला, विम्याची रक्कम मात्र तशीच राहिली. चोरीच्या दिवशी घरातील दागिन्यांची किंमत 3,00,000 रुपये ठरली, म्हणजे विमा निम्म्याचाच. गेलेले दागिने 1,20,000 रुपयांचे. पॉलिसीतील सरासरीच्या अटीप्रमाणे मिळाले 60,000. चोवीस हजारांच्या टी. व्ही. वर घसारा धरून बारा हजार मिळाले. रोख रकमेचा विमाच नव्हता, तेव्हा तेथे शून्य. एकूण नुकसान 1,62,000 रुपयांचे आणि हाती आले 72,000. यात कोणी आम्हाला फसवले नाही. दरवर्षी हप्ता भरताना पॉलिसी उघडून पाहिली नाही, ही चूक आमचीच.

घरासाठी कर्ज काढलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 1 एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्या 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी देतात. ती मुख्यतः आग, पूर, भूकंप अशा आपत्तींसाठी आहे. अशा आपत्तीमुळे सात दिवसांच्या आत झालेली चोरी तीत येते. एरवीची घरफोडी येत नाही. तिच्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो.

चोर सापडले नाहीत तर कंपनी पोलिसांचा अंतिम अहवाल मागू शकते. कर्नाटकात त्याला 'सी रिपोर्ट' म्हणतात, तर पलीकडे चंदगड-गडहिंग्लजकडे, म्हणजे महाराष्ट्रात, 'ए समरी'. आपल्या भागात सोयरीक दोन्हीकडे असल्यामुळे दोन्ही नावे ठाऊक असलेली बरी. भरपाई मिळाल्यावर चोरीचा माल सापडलाच, तर ते कंपनीला कळवावे लागते.

दावा नामंजूर झाला तर कारण लेखी मागावे आणि प्रथम कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. कर्नाटकासाठी हे कार्यालय बेंगळुरूला आहे. तेथे शुल्क पडत नाही, वकीलही लागत नाही. 2023 पासून पन्नास लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार लोकपालांना आहे. याशिवाय जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला असतोच.

मित्रहो, आजच घरी गेल्यावर एक वही घ्या. मौल्यवान वस्तूंची नावे, खरेदीचे साल व किंमत तीत लिहा, दागिन्यांचे फोटो काढा आणि ते सारे घराबाहेर एखाद्या नातेवाइकाकडेही ठेवा. आमच्या आईने आता अशी वही केली आहे. मी मात्र त्या मित्राकडे कन्नड वाचायला शिकतो आहे. त्या सकाळी तो सोबत नसता, तर ते बहात्तर हजारही बहुधा आमच्या हाती आले नसते.