स्पर्धा आहे, मासा कुठे आहे?

कॉड हा मासा आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. पण त्याचं तेल मात्र आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीने गिळलं आहे. अंगाने किरकोळ असलेल्या पोराला डॉक्टर हमखास पिवळ्या पारदर्शक गोळ्या लिहून देत. नाव 'कॉड लिव्हर ऑइल'. आमची आजी तिला नुसतं 'माशाची गोळी' म्हणायची आणि ती चुकवण्यासाठी आम्ही भावंडं खाडीवर पळून जायचो. तिथे धक्क्यावर आजोबा गरी टाकून बसलेले असत. गळाने मासे धरण्याला आमच्या कोकणात 'गरवणं' म्हणतात. एका हातात दोरी, दुसऱ्या हातात विडी आणि नजर पाण्यावर. तास-दोन तासांत एखादी शेंगटी नाहीतर तांबोशी मिळाली तर मिळाली. नाही मिळाली तरी आजोबांच्या चेहऱ्यावर फरक पडत नसे.

ज्या माशाची गोळी आम्ही चुकवत होतो, तोच मासा गरवण्यासाठी हजारो मैलांवर माणसं कडाक्याच्या थंडीत रात्ररात्र किनाऱ्यावर उभी राहतात, त्याच्या स्पर्धा भरतात, हे पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं. पाठोपाठ हेही वाचलं, की त्या स्पर्धांतून तो मासाच दिसेनासा होत चालला आहे. आज त्याविषयी थोडं बोलायचं आहे.

कॉड हा उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातला मासा. हिरवट-तपकिरी, ठिपक्यांची पाठ, कुशीवरून गेलेली पांढरी रेघ आणि हनुवटीखाली बोकडाच्या दाढीसारखी एकच मिशी. समुद्राच्या तळाशी फिरत खेकडे, किडे, लहान मासे, जे मिळेल ते तो गट्ट करतो. मोठी मादी एका हंगामात लाखो अंडी घालते. म्हणूनच १८८३ मध्ये लंडनला भरलेल्या मत्स्यप्रदर्शनात थॉमस हक्सले यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञानेही सांगितलं होतं, की कॉडसारख्या माशांचे मोठे साठे बहुधा कधीच संपणार नाहीत. त्या वेळी कुणाला ते खोटं वाटलं नाही.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे यॉर्कशायर, डरहॅम, नॉर्थंबरलँड या भागात, कॉडचा हंगाम म्हणजे हिवाळा. ऑक्टोबरपासून मासा किनाऱ्याकडे सरकतो. वादळ होऊन गेलं, की लाटांनी तळ ढवळून निघतो, त्यातले किडे आणि खेकडे उघडे पडतात आणि त्यांच्या मागावर कॉड अगदी उथळ पाण्यात येतो. म्हणून वादळ ओसरलं रे ओसरलं, की तिथला गळवाला बारा-तेरा फुटांची काठी खांद्यावर टाकून निघतो. आमिषासाठी त्याने ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूतून किडे खणून आणलेले असतात. दोरीच्या टोकाला दीडशे ग्रॅमचं शिसं असतं. त्याला तारेचे आकडे असतात, ते वाळूत रुतून बसतात आणि लाटांच्या ओढीत गळ जागचा हलत नाही.

स्पर्धेच्या दिवशी किनाऱ्यावर ठरावीक अंतरावर खुंट्या ठोकतात. कुणी कुठे उभं राहायचं ते चिठ्ठी टाकून ठरतं. वेळ साधारण चार-पाच तासांची. पूर्वी धरलेले मासे पिशवीत घालून वजनकाट्यावर न्यायचे. ज्याचं वजन जास्त तो जिंकला. आता बहुतेक ठिकाणी मासा जागेवरच पट्टीवर ठेवून मोजतात, शेजारचा स्पर्धक लांबीची खातरजमा करून कार्डावर सही करतो आणि मासा पुन्हा पाण्यात सोडतात. लांबीवर गुण मिळतात.

हा बदल वरवर पाहता चांगलाच आहे. मासा जगतो. पण त्यातला हिशेब जरा नीट पाहू. नियम जागोजागी वेगळे असतात. तरी समजा, एका सेंटिमीटरला एक गुण आहे. सत्तर सेंटिमीटरचा एक कॉड म्हणजे सत्तर गुण. त्याचं वजन भरेल साडेतीन किलोच्या आसपास. आता दुसऱ्या स्पर्धकाने चोवीस सेंटिमीटरचे तीन व्हायटिंग धरले. हे कॉडच्याच कुळातले लहान मासे. तिघांचं मिळून वजन पाव किलोहून थोडं अधिक. पण गुण बहात्तर! म्हणजे तो जिंकला. साहजिकच शहाणा स्पर्धक लांबवर मोठा गळ टाकून कॉडची वाट पाहत बसत नाही. तो बारीक गळ लावून जवळच्या पाण्यातले छोटे मासे भराभर काढतो. आज या किनाऱ्यांवरच्या बक्षिसाच्या यादीत व्हायटिंग, डॅब, छोटे मुशी मासे यांचीच गर्दी अधिक. नियम बदलले म्हणून स्पर्धा चालू राहिली. आणि स्पर्धा चालू राहिली म्हणून, ज्याच्यासाठी ती भरत होती तो आला नाही, हे फारसं कुणाला टोचेनासं झालं.

मग कॉड गेला कुठे? सगळ्यात मोठं कारण म्हणजे जाळी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाफेवर चालणारे ट्रॉलर आले. तळ खरवडत जाणारं जाळं मोठ्या माशांबरोबर पोरवयाची पिल्लंही उचलतं. १९७० च्या दशकात नॉर्थ सीमध्ये वीण घालण्याच्या वयाचा कॉड सुमारे २ लाख ७० हजार टन होता, तो २००६ मध्ये ४४ हजार टनांवर आला, असा २०१७ च्या सुमारास अंदाज होता. मधल्या काळात निर्बंधांमुळे साठा थोडा सावरला. २०१७ मध्ये या माशाला 'टिकाऊ मासेमारी'चं प्रमाणपत्रही मिळालं. दोनच वर्षांत, २०१९ मध्ये, ते स्थगित करावं लागलं.

दुसरं कारण पाण्याचं तापमान. कॉडला वीण घालायला थंडी लागते. नॉर्थ सी तापू लागला, तसे कॉडच्या पिल्लांचं खाद्य असलेले थंड पाण्यातले सूक्ष्म जीव उत्तरेकडे सरकले. पिल्लं निपजली तरी त्यांना वेळेवर पोटभर मिळेना.

तिसरं कारण सामान्य वाचकाला चटकन ध्यानात येत नाही. समुद्र एकच दिसला तरी कॉड एकच नाही. त्याचे वेगवेगळे कळप आहेत आणि बरेचसे कळप दरवर्षी आपापल्या ठरलेल्या जागीच वीण घालतात. एखाद्या खाडीतला कळप एकदा संपला, की दुसरीकडचा मासा येऊन ती जागा लगेच भरून काढत नाही. गावातलं एखादं घराणं संपलं, की शेजारच्या तालुक्यात माणसं कितीही असोत, त्या घराला कुलूपच राहतं, तसंच हे. २०२३ पासून शास्त्रज्ञ या भागातल्या कॉडचा हिशेब तीन वेगळ्या उपसाठ्यांत मांडू लागले. त्यांतला दक्षिणेकडचा, म्हणजे नेमका इंग्लंडच्या गळवाल्यांच्या दारातला, सर्वांत खालावलेला निघाला. २०२५ मध्ये सागरी संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०२६ साठी या कॉडची पकड शून्य ठेवण्याचा सल्ला दिला. सरकारांनी कोटा कमी केला, पण शून्य केला नाही.

किनाऱ्याजवळचा मासा कसा संपतो याचं बोलकं उदाहरण स्कॉटलंडच्या क्लाइड खाडीत आहे. १८८९ मध्ये कायद्याने तिथे ट्रॉलर बंद केले होते. १९६२ पासून ते हळूहळू पुन्हा आत आले आणि १९८४ मध्ये किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या पट्ट्यातली बंदीही उठली. याच खाडीतल्या अ‍ॅरन बेटावर लॅमलॅश नावाचं गाव आहे. तिथे गळाने मासे धरण्याचा वार्षिक उत्सव भरत असे. दूरदूरची माणसं येत, गावातली हॉटेलं भरून जात. पुढे वर्षागणिक काट्यावरचं वजन घसरत गेलं आणि शेवटी उत्सवच बंद पडला. २०१० मध्ये क्लाइडच्या ऱ्हासाचा इतिहास मांडणाऱ्या संशोधकांनी या उत्सवाच्या जुन्या नोंदीही पुरावा म्हणून वापरल्या. हौशी लोकांनी बक्षिसासाठी ठेवलेली वही अशी शास्त्राच्या कामी आली.

लॅमलॅशच्या लोकांनी मात्र हात टेकले नाहीत. १९९५ मध्ये दोन स्थानिक पाणबुड्यांनी एक संघटना सुरू केली. तेरा वर्षांच्या खटपटीनंतर, २००८ मध्ये, लॅमलॅशच्या उपसागराचा २.६७ चौरस किलोमीटरचा तुकडा सर्व प्रकारच्या मासेमारीला बंद झाला. त्यात गळसुद्धा आला. आज तिथे तळावरचं जीवन पुन्हा बहरलं आहे, शिंपले आणि शेवंड वाढले आहेत. कॉड मात्र पूर्वीसारखा परतलेला नाही. क्लाइडमध्ये त्याच्या विणीच्या काळात २००१ पासून कित्येक वर्षं बंदी ठेवली गेली, तरीही नाही. मोडायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेळ जुळायला लागतो.

आता प्रश्न असा, की यात किनाऱ्यावरच्या गळवाल्याचा दोष किती? २०१२ मध्ये झालेल्या पाहणीत एकट्या इंग्लंडमध्ये समुद्रावर गळ टाकणारे सुमारे ८ लाख ८४ हजार लोक होते आणि किनाऱ्यावरून धरलेल्या माशांपैकी जवळपास तीन चतुर्थांश ते परत सोडत होते. ट्रॉलरपुढे त्यांची पकड किरकोळ, असं तिथला गळवाला म्हणतो आणि नॉर्थ सीपुरतं ते बरंचसं खरं आहे. पण साठा लहान झाला, की किरकोळ गोष्टही किरकोळ राहत नाही. पश्चिम बाल्टिकमध्ये हौशी लोकांची पकड एकूण पकडीचा मोठा हिस्सा होऊन बसली होती. तिथे २०१७ मध्ये माणशी दिवसाला पाच कॉडची मर्यादा आली, २०२२ मध्ये ती एकावर आली आणि २०२४ पासून हौशी मासेमारीत कॉड धरण्यावर पूर्ण बंदी आली. म्हणजे आधी जाळ्यांनी साठा खाल्ला आणि शेवटी दार आपटलं ते काठीवाल्याच्या तोंडावर. यात अन्याय आहे. पण उरलेला मासा वाचवायचा, तर दुसरा मार्ग तरी कोणता होता?

एका अमेरिकन संशोधिकेने २००९ मध्ये एक साधंच काम प्रसिद्ध केलं. फ्लोरिडाच्या की वेस्ट बंदरात हौशी लोक धरलेल्या माशांसोबत फोटो काढतात. तिने १९५६ ते २००७ पर्यंतचे फोटो गोळा करून मासे मोजले. बक्षीसपात्र माशाचं सरासरी वजन जवळपास २० किलोवरून २.३ किलोवर आलं होतं. पण फोटोतली माणसं? ती तशीच हसत होती. कारण प्रत्येक पिढी आपल्या लहानपणी जे पाहिलं तेच पूर्ण भरलेलं माप समजते. डॅनिएल पॉली या शास्त्रज्ञाने १९९५ मध्ये या विस्मरणाकडे लक्ष वेधलं होतं.

मला या सगळ्या कहाणीत भीती वाटते ती याच हसऱ्या चेहऱ्याची. इंग्लंडच्या दुकानात 'फिश अँड चिप्स' आजही मिळतात, कारण त्यातला कॉड आता बहुतेक आइसलंड आणि नॉर्वेच्या बाजूने येतो. ताटात उणीव नाही, मैदानात स्पर्धा आहे, मग काय गेलं हे कळणार कसं? ते कळतं फक्त त्या जुन्या वहीत, जिच्यात कुणीतरी प्रामाणिकपणे वजन आणि तारीख लिहून ठेवली.

आपल्याकडे जून-जुलैमध्ये यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या बंदीचा अर्थ कॉडच्या कहाणीत शोधावा. पण धक्क्यावर गरवणाऱ्या माणसाची वही आपण ठेवलेली नाही. माझ्या आजोबांनी आयुष्यभर काय धरलं, केवढं धरलं, हे आज कुणीच सांगू शकत नाही. तुमच्या घरात असं कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्यांच्याजवळ जरा बसा, विचारा आणि लिहून ठेवा. मासा परत आणणं आपल्या हातात असेल-नसेल. तो होता, एवढं तरी पुढच्यांना ठाऊक असायला हवं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)