मागच्या सीटचा पट्टा : सक्ती कोणावर?

मंडळी, वेरूळला येणाऱ्या गाड्या तुम्ही रोज बघता. पुढच्या दोघांनी पट्टा लावलेला, मागचे मोकळे. मागे कशाला लागतो पट्टा, असं आपण धरूनच चाललोय.

4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी धडकली. मागचे दोघं गेले. त्यांनी पट्टे लावलेले नव्हते. पुढचे दोघं जबर जखमी झाले, पण वाचले.

ताशी 60 किलोमीटर वेगाने धडकणं म्हणजे सुमारे 14 मीटरवरून खाली पडणं. आपलं कैलास लेणं साधारण 30 मीटर उंच. त्याच्या जवळजवळ निम्म्यावरून! गाडी थांबते, माणूस थांबत नाही. खांद्यावरून येणारा पट्टा हा धक्का छाती आणि कमरेच्या हाडांवर वाटून देतो. नुसता कमरेचा पट्टा सरकला, तर तो पोटावर येतो.

आता कायदा बघू. मागच्यांनाही पट्टा सक्तीचा आहे, दंड 1000 रुपये. पण सीट कव्हरखाली बकलच दडपलेलं असेल, तर प्रवाशाने लावायचं काय? पुढच्या सीटसाठी 2019 मध्ये बीप सक्तीची झाली, तर ती बंद करणाऱ्या क्लिपा बाजारात आल्या! 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्यांची ऑनलाइन विक्री थांबवायला लावली.

म्हणून सक्ती एकट्या प्रवाशावर नको. मधल्या जागेलाही खांद्यावरून येणारा पट्टा आणि मागेही बीप, ही कंपनीची जबाबदारी. टुरिस्ट गाडीच्या पासिंगला प्रत्येक बकल लावून बघणं, ही सरकारची. एवढं झालं, की मग आपल्याला दंड जरूर करा.