‘एलिट’ (१९८४) : सहा बाइटांतील दीर्घिका

प्रस्तावना : शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील सातारा व सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकविताना ‘जितकी माहिती, तितकी स्मृती’ हे गृहीतक विद्यार्थ्यांच्या मनात सहज रुजते. त्यास छेद देणारे एक जुने उदाहरण म्हणजे सप्टेंबर १९८४ मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेला ‘एलिट’ हा अंतराळसंचाराचा खेळ होय. केंब्रिज विद्यापीठातील डेव्हिड ब्रेबन व इयन बेल या विद्यार्थ्यांनी तो ‘बीबीसी मायक्रो’ या घरगुती संगणकासाठी लिहिला; प्रकाशन एकॉर्नसॉफ्टने केले. हाच संगणक १९८४-८५ पासून ‘क्लास’ या संगणक-साक्षरता प्रकल्पाद्वारे भारतीय शाळांत आला. म्हणूनच त्या यंत्राच्या मर्यादेत काय साधले गेले, हे आपण पाहणे उचित ठरते.

यंत्राची स्मृती अवघी ३२ किलोबाइट होती. पडद्यावरील चित्रासही त्यातूनच जागा द्यावी लागे. खेळात मात्र ८ दीर्घिका व प्रत्येकीत २५६, असे एकूण २०४८ ग्रह आहेत. प्रत्येक ग्रहाची माहिती केवळ २० बाइटांत बसविली असती, तरी ४० किलोबाइट खर्ची पडले असते.

विश्वरचनेचा नियम : लेखकांनी ग्रह साठविलेच नाहीत, ग्रह निर्माण करणारा नियम साठविला. पहिल्या दीर्घिकेच्या प्रारंभसंख्या २३११४, ५८४ व ४६९३१ या तीनच असून त्या सहा बाइटांत मावतात. पुढील प्रत्येक संख्या म्हणजे आधीच्या तिन्हींची बेरीज. बेरीज ६५५३५ च्या पुढे गेल्यास हातचा सोडून द्यावयाचा. येथे बेरीज ७०६२९ येते, तीतून ६५५३६ वजा जाता ५०९३ उरतात. त्यापुढील संख्या ५२६०८. अशा चार पायऱ्या झाल्या की पुढचा ग्रह येतो. या क्रमास सर्रास फिबोनाची क्रम म्हटले जाते, ते काटेकोर नव्हे. फिबोनाचीत दोनच पदांची बेरीज असते. छंदःशास्त्राच्या अध्यापकांना तो क्रम मात्रावृत्तांच्या गणनेतून, विरहांक व हेमचंद्र यांच्या नावांनी परिचित आहे.

या संख्यांतील निरनिराळ्या अंकांवरून ग्रहाचे स्थान, लोकसंख्या व राज्यपद्धती (अराजक, सरंजामशाही, लोकशाही इत्यादी ८ प्रकार) ठरते. नावेही अक्षरजोड्यांच्या एका लहानशा कोष्टकातून जुळविली जातात. खेळ जेथून सुरू होतो त्या ‘लाव्हे’ ग्रहाचे नाव अशा दोन जोड्यांचे आहे. दुसऱ्या दीर्घिकेत जाताना सहाही बाइटांतील अंक एकेक घर डावीकडे फिरविले जातात. बाइटात घरे आठ, म्हणून आठव्या फेरीस पहिली दीर्घिका परत येते.

व्यापाराचे भाव ग्रहाच्या अर्थव्यवस्थेवर अवलंबून असतात. शेतीप्रधान ग्रहावर धान्य स्वस्त, उद्योगप्रधान ग्रहावर संगणक स्वस्त. सांगलीच्या हळदपेठेशेजारी राहणाऱ्यास हे समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच यादीत गुलामही ‘माल’ म्हणून येतात. तो व्यापार खेळात बेकायदेशीर असला तरी अभ्यासकाने त्याकडे डोळेझाक करू नये.

नियमामुळे मानवी विवेक अनावश्यक ठरला, असे मात्र नाही. नियमातून अब्जावधी दीर्घिका निघू शकत होत्या. प्रकाशकांच्या आग्रहावरून त्या आठवर आणल्या गेल्या. एका दीर्घिकेत असभ्य नावाचा ग्रह निघाला. एकच नाव बदलणे नियमात बसत नसल्याने लेखकांनी ती संपूर्ण दीर्घिकाच बाद केली.