फाईल दिल्लीत, घर इथे

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही विषय शिकवते. त्यामुळे मोहल्ल्यात कुणाचा निकाहनामा वाचायचा असला, कुणाचं जुनं उर्दू पत्र मराठीत करून द्यायचं असलं की लोक माझ्याकडे येतात. पण ज्या कागदांनी मला सर्वांत जास्त शिकवलं ते आमच्या घरातलेच आहेत. माझ्या धाकट्या भावाच्या बायकोचे.

ती कराचीची. कोकणातली बरीच मुस्लिम कुटुंबं फाळणीच्या आधी आणि नंतरही कराचीत जाऊन राहिली. आमच्यासारखीच कोकणी बोलणारी घरं तिथे आजही आहेत. नात्यात नातं जुळलं आणि २००९ मध्ये तिचा माझ्या भावाशी निकाह झाला. तेव्हा थार एक्स्प्रेस चालू होती. खोखरापार-मुनाबावची सरहद्द ओलांडून ती जोधपूरला उतरली आणि तिथून आमच्या गावी आली. ऑगस्ट २०१९ मध्ये ती गाडी बंद झाली, ती बंदच आहे.

भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्या परदेशी व्यक्तीला १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ खाली अर्ज करता येतो. त्यासाठी अर्जाआधी सात वर्षं भारतात राहिलेलं असावं लागतं. शेवटचे बारा महिने तर सलग. आमची सात वर्षं झाली आणि २०१७ मध्ये आम्ही अर्ज केला. त्या दिवशी अम्मींनी शेवयांची खीर केली होती. आम्हाला वाटलं, आता सहा महिने, फार तर वर्ष.

अजून उत्तर आलेलं नाही.

फाईल जाते कुठे?

लोक विचारतात, "एवढा वेळ कसा लागतो?" फाईलचा प्रवास समजून घेतला तर निदान रात्रीची झोप तरी लागते. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि कागद जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचे. मग पोलिसांची आणि गुप्तवार्ता विभागाची चौकशी होते. अहवालासह फाईल मंत्रालयातल्या गृह विभागाकडे जाते आणि तिथून दिल्लीला केंद्रीय गृह मंत्रालयात. निर्णय तिथे होतो. मधे एका टेबलावर एखादी शंका निघाली की फाईल पुन्हा खाली येते.

दुसरा प्रश्न हमखास येतो. "२०१९ ला कायदा बदलला, मार्च २०२४ मध्ये त्याचे नियमही आले, मग हिचं काम का झालं नाही?" ती दुरुस्ती पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांसाठी आहे. मुसलमानांचा त्यात समावेश नाही. याचं वाईट वाटतं, ते लपवून काय उपयोग? पण तिकडे बघत बसून आपलं काम पुढे सरकत नाही. लग्न होऊन आलेल्या बाईसाठी कलम ५ चा जुना रस्ता आहे आणि तो बंद झालेला नाही.

आमची चूक

पहिली चार वर्षं आम्ही नुसती वाट पाहिली. भावजय रोज रात्री मोबाईलवर अर्जाची स्थिती बघायची. पोस्टमन गल्लीत शिरला की हातातलं काम टाकून दारात यायची. शिवणाचा क्लास लावायचा होता, तो "कागद आल्यावर". पुढे शिकायचं होतं, तेही "कागद आल्यावर". घरातलं सगळंच त्या कागदावर अडलं. आणि ज्याची खरोखर काळजी घ्यायला हवी होती, तिकडे आमचं लक्ष नव्हतं.

नागरिकत्व मिळेपर्यंत ती पाकिस्तानची नागरिक आहे. म्हणजे तिचा पासपोर्ट चालू पाहिजे आणि दीर्घ मुदतीचा व्हिसा वेळेवर वाढवलेला पाहिजे. पासपोर्टसाठी दिल्लीतल्या त्यांच्या उच्चायोगाकडेच जावं लागतं. भाऊ "करू, करू" म्हणत राहिला, मीही आठवण केली नाही. मुदत संपत आली तेव्हा घाईने पासपोर्ट दिल्लीला दिला. आणि त्याच महिन्यात, २०२१ मध्ये, कराचीहून फोन आला. तिचे अब्बा गेले.

पासपोर्ट हातात नाही, मग परतीच्या परवानगीचा अर्ज तरी कशावर करणार? वडिलांचा जनाजा तिने मोबाईलवर पाहिला. चुलत भावाने फोन उंच धरला होता. मधेच नेटवर्क गेलं आणि पडदा काळा झाला. ती तशीच फोन हातात धरून बसून राहिली. मग मला एवढंच म्हणाली, "आपा, मी तारीख बघायला पाहिजे होती."

तारीख तिने नव्हे, आम्ही बघायला पाहिजे होती. तिला या देशात आणणारे आम्ही होतो. पासपोर्ट हातात असता तरी त्या दिवसांत ती वेळेवर पोहोचली असती असं नाही. पण प्रयत्नसुद्धा करता आला नाही, ही बोच तिच्या आणि आमच्या मनात राहिली.

मग आम्ही काय बदललं

त्या चाळिसाव्यानंतर मी आणि भाऊ जमिनीवर सगळे कागद पसरून बसलो. तेव्हापासून जे करतो ते सांगते. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पासपोर्ट आणि व्हिसाच्या मुदती लाल पेनाने लिहितो. मुदतीच्या सहा महिने आधीच्या पानावर खूण असते. राहण्याचा पत्ता बदलला किंवा जिल्ह्याबाहेर जायचं असलं तर आधी पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या परदेशी नागरिक नोंदणी शाखेत विचारतो. "एका रात्रीचा तर प्रश्न आहे" असं म्हणून जात नाही.

दुसरं, नावं. हे माझ्या विषयाचं काम होतं आणि तेही मी उशिरा केलं. उर्दूत जेर-जबर लिहीत नाहीत. त्यामुळे एकच नाव वेगवेगळे लोक वेगवेगळं वाचतात. निकाहनाम्यात एक, पासपोर्टवर दुसरं, विवाह नोंदणीच्या दाखल्यावर तिसरं. आपल्याला माहीत असतं की बाई एकच आहे. फाईल वाचणाऱ्याला ते कसं कळणार? आम्ही सगळे कागद शेजारी ठेवून फरकांची यादी केली, प्रतिज्ञापत्र केलं आणि फाईलला जोडलं. पासपोर्टवर असेल तेच नाव यापुढे सगळीकडे लिहायचं असं ठरवलं.

तिसरं, चौकशी. रोज रात्री मोबाईल बघणं बंद. महिन्यातून एकदा भाऊ जिल्हाधिकारी कार्यालयात जातो, काय उत्तर मिळालं ते तारखेसह वहीत लिहितो. कुठलाही कागद पोच घेतल्याशिवाय देत नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्जही केला. तो अधिकार फक्त भारतीय नागरिकाला आहे, म्हणून अर्ज बायकोच्या नव्हे, नवऱ्याच्या नावाने करायचा. १० रुपये फी, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. गुप्तवार्ता विभागाची माहिती मिळत नाही, पण फाईल कुठल्या कार्यालयात आहे एवढं विचारता येतं. आमची फाईल एका शंकेसाठी खाली आली होती आणि आम्हाला पत्ताच नव्हता, हे त्या उत्तरातून कळलं. फारच उशीर झाला तर उच्च न्यायालयात दाद मागता येते. तेव्हा वकिलाच्या हाती ही वही लागते.

आणि एक इशारा. "दिल्लीत माझी ओळख आहे" म्हणणारे भेटतात. त्यांना पैसे देऊ नका, मूळ कागद तर मुळीच देऊ नका. कुणी सांगितलं म्हणून आपल्या मनाने आधीच पाकिस्तानचं नागरिकत्व सोडू नका. अर्जात आपण फक्त हमी देतो की मंजुरी मिळाल्यावर ते सोडू. मंजुरीचं पत्र येण्याआधी ते सोडलं तर बाई इकडचीही नाही आणि तिकडचीही नाही, अशी अडकते.

मुलांची काळजी अनेक आयांना खाते. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेल्या मुलाचे आई किंवा वडील यांपैकी एक भारतीय असेल आणि दुसरं बेकायदा आलेलं नसेल, तर ते मूल जन्माने भारतीय आहे. आईचा निर्णय लांबला म्हणून मुलाचं नागरिकत्व लांबत नाही.

एप्रिल २०२५

या शिस्तीची किंमत गेल्या वर्षी एप्रिलमध्ये कळली. पहलगामला निरपराध लोक मारले गेले. त्यानंतर सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द केले. अटारीची वाट बंद झाली. टीव्हीवर सरहद्दीवर रडणाऱ्या बायका दिसत होत्या. आमच्या घरात दोन दिवस चूल नीट पेटली नाही. आदेशात दीर्घ मुदतीचे व्हिसा वगळले आहेत हे वाचलं आणि भावाने फाईल काढली. व्हिसा चालू होता. वेळेवर वाढवलेला होता. अम्मींनी तो कागद हातात घेतला. त्यांना इंग्रजी येत नाही, तरी बराच वेळ बघत राहिल्या.

भाची त्या दिवशी म्हणाली, "अम्मी, तू वोट द्यायला पण येत नाहीस, तू आमची नाहीस का?" २०२४ च्या निवडणुकीत आम्ही सगळे शाईचं बोट दाखवत घरी आलो तेव्हा तिची आई चहा घेऊन उभी होती. पोरीच्या ते लक्षात राहिलं होतं. अम्मी म्हणाल्या, "सरकारच्या यादीत नाव यायचं आहे. आपल्या यादीत सोळा वर्षांपूर्वीच आलं."

घरच्यांसाठी

सब्र म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, असा समज आपल्याकडे आहे. मला आता तसं वाटत नाही. जे आपल्या हातात आहे ते तारखेवर करायचं आणि जे नाही ते अल्लाहवर सोपवून जगणं चालू ठेवायचं, याला मी सब्र म्हणते. आणि तो एकट्या बाईने करायचा नसतो, घराने करायचा असतो. लग्नात, मौतीत भेटल्यावर पहिलाच प्रश्न "तुझ्या कागदांचं काय झालं?" हा नको. विचारायचंच तर नवऱ्याला विचारा. तिला तिच्या आईची तब्येत विचारा.

भावजयीने मागच्या वर्षी शिवणाचा क्लास पूर्ण केला. आता शाळेचे गणवेश शिवते. पोस्टमन अजूनही गल्लीत येतो. मशीनचा आवाज थांबत नाही. पत्र असेल तर तो हाक मारेल, असं ती म्हणते.