गुलाबपाणी : वृद्ध त्वचेसाठी, पण जपून

लग्नघरी गुलाबदाणीतून होणारा शिडकावा आणि हाताच्या पाठीवर लावलेले अत्तर आपणांस सुपरिचित आहे. हाच गुलाब घरातील वडीलधाऱ्यांच्या नित्य शुश्रूषेतही उपयोगी पडतो. मात्र त्याचे गुण आणि मर्यादा दोन्ही जाणून घ्याव्यात.

सुगंध कसा काढतात?

उत्तर प्रदेशातील कनौज येथे आजही तांब्याच्या ‘डेगे’त पाकळ्या व पाणी घालून झाकण मातीने लिंपतात. बांबूच्या नळीतून वाफ ‘भपक्या’त उतरते आणि तेथील चंदनतेलात सुगंध मुरतो. एक किलो शुद्ध गुलाबतेलासाठी सुमारे ३ ते ४ हजार किलो फुले लागतात. त्यामुळे अगदी स्वस्त मिळणारे ‘गुलाब अत्तर’ बहुधा कृत्रिम असते. गुलाबातील फेनिल इथाइल अल्कोहोल हा सुगंधी घटक पाण्यात विरघळतो. म्हणून गुलाबपाण्यालाही वास राहतो.

घरी कसे करावे?

फवारणी न केलेले, सुवासिक देशी गुलाब सकाळी लवकर तोडावेत. हार-गुच्छांसाठी विकली जाणारी फुले घेऊ नयेत. पातेल्याच्या मध्यभागी छोटी वाटी उपडी ठेवून तिच्यावर दुसरी रिकामी वाटी सुलट ठेवावी. भोवती पाकळ्या व त्या बुडतील इतके पाणी घालावे. झाकण उलटे ठेवून वर बर्फ ठेवावा व मंद आच द्यावी. वाफ थिजून वरच्या वाटीत थेंब जमतात, तेच गुलाबपाणी. ते उकळून वाळवलेल्या काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवावे आणि आठवडाभरात संपवावे. त्यात टिकाऊपणासाठी काही घातलेले नसल्याने जंतू लवकर वाढतात.

वापर

वाढत्या वयात त्वचेतील तैलांश कमी होतो. ती पातळ व कोरडी होऊन खाजते. नुसते गुलाबपाणी ही कोरड दूर करीत नाही, कारण ते लगेच उडून जाते. तीन चमचे गुलाबपाण्यात एक चमचा ग्लिसरीन मिसळून स्नानानंतर ओलसर अंगावर हलक्या हाताने लावावे. वरून खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवावा. तळपायांना तेल लावल्यास पाय पुसल्यावाचून चालू देऊ नये. घसरून पडण्याचे भय असते.

हे टाळावे

घरचे गुलाबपाणी डोळ्यांत कदापि घालू नये. ते निर्जंतुक नसते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर असा जंतुसंसर्ग दृष्टीवर बेतू शकतो. जखमा, शय्याव्रण व चिरा यांवरही ते लावू नये. मधुमेहींच्या पायांच्या बोटांमधील जागा कोरडीच ठेवावी.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असे नव्हे. गुलाबातील जेरॅनिऑल, सिट्रोनेलॉल यांसारख्या घटकांची काहींना अ‍ॅलर्जी असते. प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून दोन दिवस पाहावे. अत्तर त्वचेऐवजी कापसाच्या फायावर घ्यावे. एक थेंब पुरे. वयोमानाने गंधज्ञान मंदावते, त्यामुळे वृद्धांना ‘वास येत नाही’ म्हणून अधिक लावले जाते आणि घरातील दमेकऱ्यास त्रास होतो.

खाज रात्रीची झोप मोडीत असेल वा आठवड्यात कमी झाली नाही, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. मूत्रपिंड, यकृत वा थायरॉइडच्या विकारांतही अंग खाजते. एरवी मात्र, थरथरत्या हातांवर प्रेमाने चोळलेले दोन थेंब गुलाबपाणी आपल्या माणसाचा दिवस सुगंधी करू शकते.